सर्वर डाऊन आहे

पुणे-बंगळूर महामार्ग नसरापूरला सोडून वेल्ह्याचा रस्ता धरला की मार्गासनीच्या पुढे विंझर लागतं. राजगड आणि तोरणा दोन्ही जवळ, पाऊस दणकून, शेती मुख्यतः भाताची. तालुक्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या वेल्हे होतं, आता ते राजगड झालं आहे. गावात अमृतेश्वर महाविद्यालय असल्यामुळे आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची मुलं इथे शिकायला येतात. अशा गावात ‘सर्वर’ हा शब्द कुणी मुद्दाम शिकवत नाही, तरी तो सगळ्यांना पाठ असतो. सोसायटीचं पीककर्ज, पीकविमा, शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, काहीही अडलं की टेबलापलीकडून एकच उत्तर येतं, “सर्वर डाऊन आहे.”

हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. सांगणारा थाप मारत नसतो, त्याच्या पडद्यावर नुसतं फिरत असतं आणि त्याला तेवढंच दिसत असतं. पण सर्वर नावाचं यंत्र खरोखर बंद पडण्याचे प्रसंग कमी. यंत्र सुरू असतं, पंखे फिरत असतात, आणि तरी काम होत नाही. कारण कुणीतरी कुठल्यातरी फाइलमध्ये लिहिलेली एखादी मर्यादा ओलांडलेली असते, एखादी तारीख उलटलेली असते किंवा डिस्क भरलेली असते. वेब सर्वर चालवणं म्हणजे या मर्यादा आणि तारखा सांभाळणं. हे काम करणारा माणूस कुणाला दिसत नाही, आणि अनेक ठिकाणी तर तो नेमलेलाच नसतो.

उदाहरणाला सातबारा घेऊ. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, बारा ही पिकांची नोंद. राज्यात असे उतारे अडीच कोटींच्या आसपास आहेत. पूर्वी त्यांचं दप्तर तलाठ्याकडे असे आणि उताऱ्यासाठी तलाठी सजावर असण्याची वाट बघावी लागे. आता महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गटनंबर टाकला की उतारा फुकट बघता येतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उताराही मिळू लागला. त्याला १५ रुपये पडतात आणि तो कायदेशीर कामाला चालतो. विंझरमध्ये बसून गटनंबर टाकल्यापासून उतारा समोर येईपर्यंत ती मागणी ज्या वाटेने जाते, त्या वाटेवर ती अडू शकेल अशा अनेक जागा आहेत.

पहिली जागा सर्वरच्या फार अलीकडे आहे. पावसाळ्यात वीज गेली की टॉवर बॅटरीवर येतो आणि बॅटरी संपली की गप्प होतो. रस्त्याचं काम निघालं की जेसीबी फायबर तोडतो. यात सर्वरचा काही संबंध नाही, पण फोनवर दिसणारं चित्र तेच. दुसऱ्या कंपनीच्या सिमवर तीच साइट उघडून बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी, आणि ती केल्याशिवाय सर्वरला नावं ठेवू नयेत.

नेटवर्क ठीक असेल तर फोन आधी साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता विचारतो. ही माहिती डीएनएस नावाची यंत्रणा देते आणि एकदा मिळालेलं उत्तर ठरावीक वेळ जपून ठेवलं जातं. किती वेळ, ते साइटच्या व्यवस्थापकाने सेकंदांत लिहून दिलेलं असतं. ८६,४०० लिहिलं असेल तर पूर्ण एक दिवस. आता समजा साइट नव्या सर्वरवर हलवली आणि हा आकडा आधी कमी केला नाही, तर पुढचा दिवसभर काही लोक जुन्याच पत्त्यावर जात राहतात. एकाच घरात मुलाच्या फोनवर साइट चालते आणि बापाच्या फोनवर चालत नाही, असं तेव्हा होतं. जाणता व्यवस्थापक स्थलांतराच्या दोन दिवस आधी हा आकडा ३०० वर आणतो, काम झाल्यावर पुन्हा वाढवतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते आधी आठवावं लागतं.

पत्ता मिळाला की फोन त्या यंत्राच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर बोलायला लागतो आणि प्रमाणपत्र मागतो. ही साइट खरंच त्या नावाची आहे याची ग्वाही या प्रमाणपत्रात असते, आणि त्याला मुदत असते. मुदत उलटली की ब्राउझर लाल इशारा दाखवतो. (फोनमधली तारीख चुकली असली तरी हाच इशारा येतो, तेव्हा आधी आपल्या फोनचं घड्याळ बघावं.) या मुदती आता भराभर आखूड होत आहेत. २०२० पासून कमाल मुदत ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून केवळ ४७ दिवस, असं ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी २०२५ मध्ये ठरवलं. म्हणजे वर्षातून एकदा कॅलेंडरवर खूण करून भागवण्याचे दिवस संपले, नूतनीकरण आपोआपच व्हायला हवं. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून फुकट प्रमाणपत्रं देते, ९० दिवसांची, आणि ती आपोआप बदलून घेण्याची सोयही देते. तरीही इथे एक खास फसगत आहे. नवं प्रमाणपत्र डिस्कवर येऊन पडतं, पण चालू असलेल्या सर्वरने जुनंच स्मृतीत धरून ठेवलेलं असतं. त्याला ‘रिलोड’ करायला कुणी सांगितलं नाही तर फाइल ताजी आणि साइटवर मात्र मुदत संपल्याचा इशारा. नवख्या व्यवस्थापकाची एक रात्र यात हमखास जाते.

आता मागणी खुद्द वेब सर्वरपर्यंत पोहोचली. सर्वर हा शब्द आपण यंत्रासाठीही वापरतो आणि त्या यंत्रावर चालणाऱ्या प्रोग्रामसाठीही. जगातला पहिला वेब सर्वर १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरच्या नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर सुरू झाला. हे यंत्र सर्वर आहे, बंद करू नका, अशी लाल शाईतली चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. सर्वर व्यवस्थापनातला तो पहिला लेखी नियम म्हणायला हरकत नाही. पुढे १९९५ च्या एप्रिलमध्ये अपाची नावाच्या सर्वरची पहिली आवृत्ती आली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेट दिलं. अपाची फुकट होता, त्याचा मूळ कोड उघडा होता आणि तो कुणालाही आपल्या संगणकावर बसवून शिकता येत होता. पुण्या-मुंबईतली एक पिढी वेबचं काम यावरच हात चालवून शिकली.

अपाची असो की नंतरचा एंजिन-एक्स, त्यांचं वागणं ठरतं ते साध्या मजकुराच्या फाइलमधून. या नावाची साइट या फोल्डरमधून द्या, मागणी एवढ्या वेळात पुरी झाली नाही तर सोडून द्या, याहून मोठी फाइल स्वीकारू नका, असे हुकूम ओळीला एक या हिशेबाने लिहिलेले असतात. यालाच बोलीभाषेत कॉन्फिग म्हणतात. एंजिन-एक्सच्या कॉन्फिगमध्ये ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला तर नवी कॉन्फिग चढतच नाही. म्हणून दोन्ही सर्वरांत फाइल आधी तपासून घेण्याची आज्ञा आहे. आधी तपासायचं, मग ‘रिलोड’ करायचं. रिलोड केल्यावर चालू मागण्या पुऱ्या होऊ दिल्या जातात आणि नव्या मागण्यांना नवे नियम लागतात. याउलट थेट ‘रिस्टार्ट मारला’ आणि फाइलमध्ये चूक निघाली, तर सर्वर उठतच नाही. डाऊन हा शब्द अशा वेळी मात्र शंभर टक्के खरा.

सर्वांत जास्त अडचणी येतात त्या गर्दीच्या हिशेबातून, आणि इथे जरा थांबून आकडे मांडायला हवेत.

अपाचीची जुनी पद्धत अशी की प्रत्येक मागणीसाठी एक वेगळी प्रक्रिया राबते. अशा किती प्रक्रिया एका वेळी चालू द्यायच्या याची मर्यादा कॉन्फिगमध्ये असते. त्या पद्धतीत काहीच बदललं नाही तर ती २५६ असते. एक मागणी अर्ध्या सेकंदात उरकत असेल तर सेकंदाला ५१२ मागण्या सहज निघतात. तालुक्याला काय, जिल्ह्यालाही पुरे. आता मागे असलेला डेटाबेस कशामुळे तरी मंदावला आणि तीच मागणी उरकायला ८ सेकंद लागू लागली, तर २५६ भागिले ८, म्हणजे सेकंदाला ३२. यंत्र तेच, मर्यादा तीच, माणसंही तेवढीच. तरी क्षमता सोळा पटींनी घसरली. उरलेले रांगेत उभे राहतात, रांगेलाही मर्यादा असते, आणि ती भरली की नव्याला आत घेतलं जात नाही.

अशा वेळी पहिला मोह होतो तो २५६ चे १००० करण्याचा. समजा स्वारगेटच्या एसटी स्थानकावर तिकिटाच्या खिडक्या दुप्पट केल्या, पण प्रत्येक खिडकीवरचा माणूस दर तिकिटाला आत जाऊन एकाच साहेबाला विचारून येणार असेल, तर रांग हलत नाही, उलट साहेबाच्या टेबलाभोवती गर्दी वाढते. डेटाबेस हा तो साहेब. शिवाय प्रत्येक प्रक्रिया मेमरी खाते. एकीला ६० एमबी धरले तरी २५६ जणींना १५ जीबी लागतात. यंत्रात आठच जीबी असतील तर उरलेलं डिस्कवर टाकलं जातं, आणि डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी मंद. मग सगळंच रांगतं. म्हणून कित्येकदा खरा उपाय मर्यादा कमी करण्याचा असतो. थोड्यांना नीट वाढायचं आणि बाकीच्यांना लगेच ‘नंतर या’ सांगायचं. हे वरिष्ठांना पटवून देणं हा व्यवस्थापकाच्या नोकरीतला सर्वांत कठीण भाग असावा.

विंझरसारख्या गावाचा या हिशेबाशी आणखी एक थेट संबंध आहे. सिग्नल एकच दांडी असेल तर उताऱ्याचं पान फोनवर उतरायला चाळीस सेकंदही लागतात. सर्वरचं काम अर्ध्या सेकंदात झालेलं असलं, तरी पान पोचतं करायला ती जड प्रक्रिया अडकून राहू शकते. अशी मंद नेटवर्कवरची काहीशे माणसं जमली की तगडा सर्वरही अडतो. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी हा प्रश्न नेमका मांडला होता, की एका यंत्राला दहा हजार जोडण्या एकाच वेळी का सांभाळता येऊ नयेत? इगोर सिसोएव्ह या रशियन अभियंत्याने त्यावरचं आपलं उत्तर २००४ मध्ये लोकांसमोर ठेवलं, तोच एंजिन-एक्स. त्यात एका जोडणीला एक प्रक्रिया असा हिशेबच नाही. मोजक्याच प्रक्रिया हजारो जोडण्यांवर नजर ठेवतात आणि जिथे काही हालचाल झाली तिथेच हात लावतात. आता सर्रास पद्धत अशी की पुढे एंजिन-एक्स बसवतात. तो मागच्या जड प्रोग्रामकडून पान पटकन घेऊन ठेवतो, त्याला मोकळं करतो आणि मग मंद फोनला सावकाश देत बसतो.

तोही पुरत नाही अशा दोन प्रकारच्या गर्दी असतात, आणि त्यांतला फरक कळला की सरकारी साइट्सचं बरंचसं गूढ उकलतं. दहावी-बारावीचा निकाल दुपारी १ वाजता लागतो आणि त्या क्षणी लाखो मुलं एकदम येतात. पण निकाल एकदा लागला की बदलत नाही. त्याच्या हव्या तितक्या प्रती आधीच करून ठेवता येतात. म्हणून तो अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवर एकाच वेळी देता येतो. याउलट नोंदणीत प्रत्येक मूल काहीतरी नवं लिहीत असतं, आणि ते शेवटी एकाच वहीत जायला हवं. २०२५ च्या मे महिन्यात अकरावीची ऑनलाइन नोंदणी प्रथमच राज्यभर एकदम सुरू झाली, ती पहिल्याच दिवशी अडकली आणि काही दिवस पुढे ढकलावी लागली. वाचणाऱ्यांची गर्दी प्रती वाढवून झेलता येते, लिहिणाऱ्यांची नाही. तिला एकच खरा उपाय आहे, तो म्हणजे वेळ वाटून देणे, विभागवार किंवा आडनावाच्या अक्षरानुसार. तो प्रशासकीय निर्णय आहे, सर्वरवाल्याच्या हातातला नव्हे. शेवटची तारीख सगळ्या महाराष्ट्राला एकच द्यायची आणि मग सर्वरला बोल लावायचा, हा प्रकार मला अन्यायाचा वाटतो.

यात आपणही भर घालतो. पान फिरत राहिलं की आपण पुन्हा पुन्हा रिफ्रेश दाबतो. आपल्या लेखी पहिली मागणी संपली, पण मागचा डेटाबेस बहुधा अजून त्याच मागणीचं उत्तर काढत असतो. ते घ्यायला आता कुणी उरलेलं नाही, आणि रांगेत आपलीच दुसरी मागणी उभी. पाच वेळा दाबणारा माणूस सर्वरच्या दृष्टीने पाच माणसं असतो.

फिरणं थांबून पडद्यावर एखादा आकडा आला तर तो शिव्या न देता वाचावा. सर्वर त्या आकड्यात चक्क कारण सांगत असतो. ५०३ म्हणजे मी आहे पण आत्ता घेऊ शकत नाही. थोड्या वेळाने काम होतं. ५०२ म्हणजे पुढचा सर्वर ठीक आहे, मागच्याकडून मात्र धड उत्तर आलं नाही, बहुधा मागचा पडलाय. ५०४ म्हणजे मागच्याने वेळेत उत्तर दिलं नाही. एंजिन-एक्समध्ये ही वाट बघण्याची वेळ मुळात ६० सेकंद असते, तेव्हा घड्याळ लावून बरोबर मिनिटाने ५०४ येत असेल तर कॉन्फिगला कुणी हात लावलेला नाही असा अंदाज बांधायला हरकत नाही. ४१३ फार मजेशीर आहे. अर्जाला जोडलेला आधारचा किंवा बँक पासबुकाचा फोटो मोठा असेल तर तो येतो. एंजिन-एक्स मूळ स्थितीत १ एमबीपेक्षा मोठी मागणी घेत नाही, आणि आजच्या साध्या फोनचा फोटोही त्याहून मोठा असतो. एका ओळीचा बदल आहे. तो न केल्यामुळे किती अर्ज सेतू केंद्राच्या दारातून परत गेले असतील, देव जाणे.

४२९ म्हणजे तुम्ही फार वेळा मागितलंत. उताऱ्यांची माहिती यंत्राने धडाधड ओढून नेणारे लोक असतात, त्यांना रोखायला ही मर्यादा आणि तो वाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा. मर्यादा बहुधा आयपी पत्त्यावर, म्हणजे मागणाऱ्याच्या आकडी पत्त्यावर लावतात, आणि तिथे आपल्याकडे घोटाळा होतो. मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. दुसऱ्या कुणी धुमाकूळ घातला की विंझरच्या शेतकऱ्यालाही ४२९ मिळतो. ४०३ म्हणजे परवानगी नाही. अनेक सरकारी साइट्स परदेशी पत्त्यांना आत घेत नाहीत, त्यामुळे दुबईतल्या किंवा अमेरिकेतल्या भावाला गावच्या जमिनीचा उतारा दिसत नाही, आणि तो समजतो की सर्वर डाऊन आहे. कधी त्याला ४०३ मिळतो, कधी काहीच उत्तर न येता पान नुसतं फिरत राहतं.

३०१ हा आकडा डोळ्यांना दिसत नाही, पण नामांतरांच्या महाराष्ट्रात त्याला फार काम आहे. पान कायमचं नव्या पत्त्यावर गेलं, असा त्याचा अर्थ. साइटच्या पत्त्यात ‘वेल्हे’ असेल आणि ते ‘राजगड’ केलं, तर जुन्या प्रत्येक दुव्यावर, शाळेच्या परिपत्रकात छापलेल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या, ४०४, म्हणजे पान सापडलं नाही, असं उत्तर येईल. ३०१ चा एक नियम लिहिला की जुना पत्ता टाकणारा आपोआप नव्यावर जातो. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर, प्रत्येक वेळी हे काम कुणीतरी करायला हवं. सावधगिरी एकच. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. चुकीच्या पत्त्यावर पाठवलंत तर नंतर दुरुस्त करूनही लोकांचे फोन चुकीकडेच जात राहतात. म्हणून आधी ३०२, म्हणजे तात्पुरता बदल लावून बघावा, आणि खात्री झाली की मगच ३०१.

पत्त्यात देवनागरी वापरली तर आणखी एक गंमत. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘विंझर’ या नावात व, वेलांटी, अनुस्वार, झ आणि र अशी पाच चिन्हं, म्हणून १५ बाइट. वेबच्या पत्त्यात जाताना प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो, म्हणजे एकूण ४५ अक्षरं. एवढ्याशा गावाचा एवढा लांब पत्ता! मराठी पानंही त्यामुळे वजनदार होतात, पण सर्वरवर दाबून पाठवण्याची सोय चालू केली की ती बरीच हलकी होतात, आणि एकदांडी सिग्नलवर हा फरक चांगलाच जाणवतो. पान कुठल्या लिपीपद्धतीत आहे हेही सर्वरच उत्तराच्या माथ्यावर लिहून पाठवतो. तिथे चूक झाली तर पानाच्या आत काहीही लिहिलेलं असो, ब्राउझर सर्वरचंच ऐकतो आणि मराठीची जागा चित्रविचित्र खुणा घेतात. १९९० च्या दशकात मराठी वृत्तपत्रांच्या साइट्स आपापला फॉन्ट घेऊन फिरत, तो उतरवला नाही तर बातमी वाचताच येत नसे. युनिकोडने तो जाच संपवला.

हे सगळं नेमकं कुठे बिघडलं ते कळतं नोंदींवरून, म्हणजे लॉगवरून. प्रत्येक मागणीची एक ओळ असते. कुठल्या पत्त्यावरून, किती वाजता, काय मागितलं, कोणता आकडा दिला, किती बाइट गेले, कोणता ब्राउझर होता. चांगला व्यवस्थापक सकाळी साइट बघण्याआधी लॉग बघतो. त्यातली वेळ मात्र जपून वाचावी लागते. पुष्कळ सर्वरांचं घड्याळ जागतिक वेळेवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे ५ ला बॅकअप लावला असं समजून निर्धास्त झालेल्या माणसाचा बॅकअप भारतात साडेदहाला सुरू होतो, म्हणजे नेमका कचेऱ्या आणि बँका उघडून गर्दी व्हायच्या वेळी. रोज साडेदहाला साइट मंदावते आणि अकरा-सव्वाअकराला सुधारते, अशी तक्रार आली की आधी हे वेळापत्रक बघावं. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात घड्याळाचाही उल्लेख केला आहे. सर्वरांची घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवलेली असावीत, लॉग १८० दिवस जपावेत आणि घुसखोरी झाली तर कळल्यापासून ६ तासांत कळवावं.

लॉग जपायचे तर डिस्क लागते. सर्वर खरोखर बसतो त्यामागे भरलेली डिस्क हे अगदी साधं आणि अगदी नेहमीचं कारण. त्यातही एक चकवा आहे. मोठी लॉग फाइल पुसून टाकली तरी सर्वरने ती उघडी धरून ठेवलेली असते, म्हणून जागा मोकळी होत नाही. पुसणारा चक्रावतो. लॉग ठरावीक काळाने गुंडाळून बाजूला ठेवण्याची आणि सर्वरला नवी फाइल उघडायला लावण्याची सोय आधीच लावून ठेवली तर ही वेळ येत नाही.

घुसखोरीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. नवा सर्वर इंटरनेटवर आला की थोड्याच वेळात त्याच्या लॉगमध्ये अनोळखी मागण्या दिसू लागतात. कुणी पासवर्डच्या फाइली चाचपतं, कुणी जुन्या सॉफ्टवेअरची छिद्रं. गाव लहान आहे, आपल्याला कोण विचारतं, हा भ्रम आहे. हे काम यंत्रं करतात आणि ती गाव बघत नाहीत. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तर नोंदी लिहिण्याच्या एका लोकप्रिय जावा साधनातच छिद्र सापडलं. हल्लेखोराने पाठवलेला मजकूर लॉगमध्ये लिहिताच सर्वर त्याच्या इशाऱ्यावर चालू लागे. जगभरच्या व्यवस्थापकांनी त्या महिन्यात रात्री जागवल्या. वेळच्या वेळी अद्ययावत करणं, नको ते पोर्ट बंद ठेवणं, फोल्डरला सगळ्यांना लिहिण्याची मुभा न देणं आणि बॅकअप अधूनमधून खरोखर परत उतरवून बघणं, एवढ्यानेही पुष्कळ अनर्थ टळतात.

राज्याच्या मोठ्या साइट्सना निदान पाठबळ असतं. एनआयसीच्या राष्ट्रीय डेटा सेंटरांपैकी एक पुण्यातच आहे. खरी आबाळ होते ती छोट्यांची, म्हणजे ग्रामपंचायती, पतसंस्था, शाळा, दूधसंघ. साइट कुणा ओळखीच्या मुलाकडून करून घेतली जाते, उद्‌घाटनाचा फोटो छापून येतो, आणि दोन वर्षांनी डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कुणाच्या नावावर आहे, पासवर्ड कुणाकडे आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. नूतनीकरण चुकतं, नाव सुटतं, दुसरा कुणीतरी ते विकत घेतो आणि संस्थेच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात. तुम्ही अशा संस्थेच्या कारभारात असाल तर पुढच्या बैठकीत इतिवृत्तात चार गोष्टी लिहून घ्या. डोमेन संस्थेच्याच नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर असावं, ते आणि प्रमाणपत्र कधी संपतं त्याची तारीख, बॅकअप कुठे आहे, आणि साइट बंद पडली तर फोन कुणाला करायचा.

आणि तुम्ही नुसते उतारा मागणारे असाल, तर पडद्यावरचा आकडा, वेळ आणि आपण कुठलं नेटवर्क वापरत होतो एवढं टिपून तक्रारीत लिहा. जमलं तर पडद्याचा फोटो जोडा. ‘सर्वर डाऊन आहे’ एवढंच लिहिलेल्या तक्रारीवरून लॉगमध्ये शोधायला काही सापडत नाही. ‘१० वाजून ४० मिनिटांनी ५०४ आला’ हे लिहिलं की ती ओळ सापडते.